फुलीच्या शब्दांची इर्जिक

मी चौथीत बसलो होतो. पास झालो असं मी कुठं म्हटलेलं नाही. तरीपण आमच्या कोळवण खोऱ्यात इंग्रजी शब्दांचं पीक पहिल्यांदा कुणी काढलं असं विचाराल, तर ते मी काढलं. मागाहून पुष्कळ पदवीवाले झाले, हापिसात लागले, टाय बांधून एसटीतून उतरायला लागले. पण एका दिवसात एवढे इंग्रजी शब्द त्यांच्यातल्या एकानंही उपटलेले नाहीत. हे लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात आता ही गोष्ट जो तो आपल्या सोयीनं सांगतो, आणि त्यात माझं काम फक्त बोकड कापण्यापुरतं उरलं आहे.

साठ सालाच्या मागं-पुढं पुण्याचे एक साहेब रिटायर होऊन आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला राहायला आले. सरकारात मोठ्या जागेवर होते. हवा चांगली म्हणून आले. आमची हवा चांगली आहे हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं आम्ही ती तशीच घेत होतो. साहेबांनी बंगला बांधला, गुलाब लावले, आणि गुलाब गुरं खातात म्हणून चहूकडून काटेरी तार ओढली. गुलाब लावावेत आणि गुरांनी ते खाऊ नयेत, असा विचार शिकलेल्या माणसालाच सुचतो.

तार ओढली तिथूनच आमच्या बायकांची पाण्याची वाट जात होती. फाल्गुनात खालची विहीर आटली की आख्ख्या वाडीला वरचा झरा तेवढा आधार. पूर्वी चिलीम ओढून होईपर्यंत बाई झऱ्यावर जाऊन परत यायची. तार आली आणि टेकाडाला सबंध वळसा पडला. उतार घसरडा, खाली मुरमाचे खडे. आमची कारभारीण दिवसाला पाच-सहा खेपा करायची. डोक्यावर दोन हंडे, आणि तोंडात माझ्या नावानं एक-एक शब्द, तो इथं लिहिण्यासारखा नाही. मी साहेबांकडं तीनदा गेलो. तीनदा त्यांनी मला कागद दाखवला. कागदावर वाट नव्हती. आमच्या आज्यापासूनच्या बायका ज्या वाटेनं चालल्या ती कागदावर नाही, म्हणजे त्या बहुधा उडतच जात असणार.

बंगल्यावर दुधाचा रतीब माझाच होता. दर रविवारी पुण्याहून साहेबांचे दोन-तीन दोस्त जीपनं यायचे. सगळे पेन्शनवाले, त्यात एक रिटायर झालेले जज्जसाहेब. ओसरीत वेताच्या खुर्च्या टाकून खेळ चालायचा. खेळ काय, तर एकानं इंग्रजीतलं एखादं अक्षर सांगायचं, आणि ते अक्षर ज्यात आहे असे शब्द बाकीच्यांनी पाळीपाळीनं म्हणायचे. ज्याला सुचला नाही तो बाद. एवढ्यासाठी ही माणसं पेट्रोल जाळून घाट चढून यायची. आमच्यात रिकामं बसायचं असलं तर माणूस नुसता बसतो.

त्या रविवारी अक्षर होतं एक्स. हे अक्षर माझ्या ओळखीचं. तरणा असताना दोन हंगाम मी पुण्याच्या भुसार बाजारात पोत्यांवर रंगानं खुणा मारल्या होत्या. फाटक्या पोत्यावर फुली. तीच फुली म्हणजे इंग्रजीतलं एक्स, हे मला मुकादमानं शिकवलं होतं, आणि मुकादमाचं ज्ञान साहेबांच्या ज्ञानापेक्षा कमी नव्हतं. त्याला फक्त खुर्ची नव्हती.

दूध आत देऊन मी पायरीशी उभा राहिलो. पाच-सात फेऱ्या झाल्या आणि साहेब अडकले. कपाळावर हात ठेवला, छताकडं पाहिलं, एकदा गुलाबांकडं पाहिलं. गुलाबांनी मदत केली नाही. जज्जसाहेबांनी घड्याळ काढून बाद म्हटलं. मागणं मागायला माणूस नुकताच हरलेला असावा, मन मऊ असतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. मी चौथ्यांदा वाटेचं काढलं.

साहेब म्हणाले, "एक अक्षर येत नाही आणि रोज येऊन वाट मागतोस."

ते मला लागलं. मी म्हणालो, "अक्षर येतंय साहेब. फुलीच हाय ती. तिचं शब्द हुडकाया एवढं काय अवघड हाय?"

ओसरीत सगळे हसले. साहेबांना जास्तच झोंबलं, कारण त्यांना नुकतंच ते अवघड गेलं होतं. म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी एक्स असलेले शंभर शब्द माझ्यापुढे आणून टाक. मी स्वतःच्या हातानं तार काढीन." आणि आत जाऊन एक जाडजूड इंग्रजी कोश आणला, माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा. नाहीतर म्हणशील, अवजार नव्हतं."

आता एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. बंगल्यावरून आमच्याकडं जुन्या वस्तू यायच्या. बाह्या विरलेला कोट, बिस्किटांचे डबे, एक काडी मोडलेली छत्री. बंगल्यावरून खाली आलेली वस्तू परत वर गेली असं आमच्या वाडीत कधी झालं नव्हतं. कोट मी कापून बैलाच्या खांद्याला गादी केली होती आणि ती पाहून साहेब स्वतः हसले होते. कोशाचेही कोपरे झिजलेले, पाठ सुटलेली. मी तो कोटाच्याच हिशेबात धरला.

दोन दिवस मी एकटा बसलो. शाळेतल्या गुरुजींनी मला कोशाची रचना समजावली होती: ठळक छापलेले तेवढे शब्द, बाकी नुसती बडबड, आणि फुली मोठी असो की बारकी, दिसायला एकच. दोन दिवसांत मी साडेतीन पानं संपवली. सहा शब्द मिळाले, ते पाटीवर उतरवून काढले तर गुरुजींना त्यातले दोनच ओळखता आले. बारीक अक्षरं मला कधी कुणी शिकवली नव्हती. पोत्यावर बारीक अक्षर काढून कुणाला काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी कारभारीण शेवटची खेप करून आली. हंडे उतरवले, पाय धुतले, आणि माझ्या खांद्यावरून पुस्तकात पाहिलं.

"ही फुली का?"

"व्हय."

तिनं बसल्या जागी बोट ठेवलं. "ही एक. ही एक. ही हितं." मी ते पान नुकतंच संपवलं होतं.

मग म्हणाली, "खंडीभर तांदूळ एकल्यानं निवडाय बसलाय जणू. इर्जिक घाला की."

ज्याच्या शेतात काम उरकत नाही त्याच्याकडं सगळ्या वाडीनं एक दिवस येऊन काम उपसायचं, मजुरी घ्यायची नाही, घरधन्यानं पोटभर जेवण घालायचं, ही आमच्याकडची इर्जिक. नांगरटीला घालतात, लावणीला घालतात. पुस्तकाला घातलेली कुणी ऐकली नव्हती. कल्पना तिची होती असं मी म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत मलाही सुचलीच असती.

गुरुवारी सकाळी खळ्यावर सगळी वाडी जमली. भात झोडून झालं होतं, हात रिकामे होते, आणि पाण्याच्या वाटेचं दुखणं घरोघरचं होतं. मी विळ्यानं कोशाची शिवण उसवली आणि पानांच्या जुड्या सोडवल्या. माणशी एक जुडी. धनीपणाचा मान म्हणून खुद्द एक्सनं सुरू होणाऱ्या शब्दांची पानं मी माझ्याकडं ठेवली. गुरुजींनी सांगितलं होतं की प्रत्येक अक्षराचा वेगळा भाग असतो. तेव्हा फुलीचं मूळ शेत तेच, सगळ्यात भारी पीक तिथंच येणार, हे कुणीही सांगेल.

ते अर्धं पान होतं. अर्ध्या पानात संपलं. इंग्रजांनी एवढं राज्य केलं, पण एका अक्षराला स्वतःच्या घरात धड जागा देता आली नाही त्यांना.

उलट आमच्या चुलत भावजयीच्या वाट्याला ई या अक्षराची एक जुडी गेली. तिनं पान उघडलं तर ओळीनं फुल्या. उलटलं तर तिथंही ओळीनं फुल्या. पाटाच्या पाण्याखालची जमीन निघाली ती. शेजारची माणसं उठून बघायला गेली. लगेच पुरुषांत कुरकुर सुरू झाली की वाटणी बरोबर झालेली नाही, कुणाला बागायत आणि कुणाला खडक. माझ्या सख्ख्या भावानं तर फेरवाटप मागितलं. जमिनीवरून आमचं पाच वर्षं भांडण चाललं होतं. आता कागदावरूनही सुरू झालं. भावजय म्हणाली, "माझ्या पानांना हात लावला तर बोटं मोडीन." ती भांडून दमली नाही आणि एक शब्द तिनं सुटू दिला नाही.

शब्द उतरवून काढायचं काम कुणाच्यानं होणार नव्हतं. साहेबांनी आणून टाक म्हटलं होतं. पीक आणायचं तर ते कापावं लागतं. मी सांगितलं, कापा. न्हाव्यानं वस्तरा आणला होता, पण वस्तऱ्यानं एकाबरोबर चार शब्द निघायला लागले. बायकांनी मग करवंदीचे काटे आणले. काट्यानं शब्दाभोवती बारीक टोचायचं आणि नखानं अलगद उचलायचं. जन्मभर तांदळातले खडे काढलेली बोटं ती; पुरुषांनी दोन पानं करेपर्यंत त्यांची जुडी व्हायची. एकीलाही अक्षर येत नव्हतं. मला येत होतं, आणि माझं अर्धं पान कधीच संपलं होतं, म्हणून मी जेवणाच्या बोकडाकडं बघत होतो.

दुपारपर्यंत शंभर केव्हाच झाले. गुरुजींनी सांगितलं, आता थांबा. पण इर्जिकीत निम्मं शेत टाकून कुणी उठत नाही. धन्याचा अपमान असतो तो. दिवस मावळायच्या आत शेवटची जुडी संपली. सुपात शब्दांचा ढीग झाला होता, वर वाटी पालथी घातली वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. गुरुजींनी शंभराचे दहा वाटे मोजले आणि मग मोजणं सोडून जेवायला बसले.

रविवारी मी कोश सुतळीनं बांधला, शब्द बिस्किटाच्या डब्यात भरले आणि बंगल्यावर गेलो. डबाही साहेबांचाच. वाडीतल्या बायका हंडे घेऊन तारेपलीकडं येऊन उभ्या राहिल्या होत्या, तार निघाली की लगेच पाणी भरायला.

मी डबा उघडून वेताच्या टेबलावर ठेवला. "मोजून घ्या."

साहेब आधी हसले. मग त्यांनी सुतळी सोडली आणि एक पान उचललं. पानातल्या भोकांतून पलीकडचे जज्जसाहेब दिसत होते. साहेबांनी दुसरं उचललं. तिसरं उचललं. ई अक्षराची पानं हातात धरवत नव्हती, चाळणीसारखी लोंबत होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "कॉलेजात पहिला आलो तेव्हा बक्षीस मिळाला होता हा मला."

पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं होतं खरं. ते ठळक नव्हतं, म्हणून आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं.

चूक झाली हे मला तिथल्या तिथं कळलं. कोट वेगळा आणि हे वेगळं. तसं तोंडानं म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं. पण खाली तारेशी वीस बायका उभ्या होत्या, आणि मी माफी मागायला आलो नव्हतो, वाट मागायला आलो होतो. दोन्ही एका तोंडानं मागता येत नाही.

साहेबांनी डब्यात बोट घातलं. "यातल्या एकाचा अर्थ सांग. एकाचा."

"अर्थ मागितला न्हवता साहेब. शब्द मागितलं व्हतं."

साहेबांनी जज्जसाहेबांकडं पाहिलं. जज्जसाहेब डब्यातले शब्द तळहातावर घेऊन एक-एक वाचत होते, आणि मधूनच त्यांच्या मिशा हलत होत्या. म्हणाले, "अट शब्दांचीच होती. मी ऐकली आहे." साहेब म्हणाले, माझी वस्तू मोडून माझी अट पुरी करणं याला पुरी करणं म्हणत नाहीत. त्यावर जज्जसाहेबांनी बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला: पैज मी जिंकलो, पुस्तक साहेबांनी गमावलं, दोन्ही एकमेकांत वजा. ज्यांनी शब्द काढले त्यांनी ते जागच्या जागी चिकटवून द्यावेत. तोवर वाट मोकळी. काम संपलं की तार पुन्हा होती तशी. आयुष्यभर न्याय करून माणसाला शेवटी एवढंच जमतं, की जो जिंकला त्यालाच कामाला लावायचं.

मी नाही म्हणणार होतो. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तारेपलीकडून कारभारीण बोलली. साहेबांपुढं ती तोवर कधी बोलली नव्हती.

"आमीच काढल्यात, आमीच लावू. चिकटवायला खळ आमच्या तांदळाची. पण टेकाडाला वळसा घालून आलं म्हंजी हात थरथरत्यात साहेब, शब्द वाकडा बसतुया. वाट आजपासनंच पायजे."

जज्जसाहेब म्हणाले की हा मुद्दा रास्त आहे. साहेबांनी पक्कड आणवली आणि वाटेपुरती तार स्वतःच्या हातानं तोडली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चार-पाच बायका हंडे घेऊन वर जायला लागल्या. हंडे झऱ्याखाली लावायचे आणि ते भरेपर्यंत ओसरीत बसून शब्द चिकटवायचे. दिवसाला दहा. आकडा कारभारणीनं ठरवला होता; दहाच्या वर खळ सुकत नाही म्हणाली. खळ किती वेळात सुकते हे साहेबांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कुठला शब्द कुठल्या भोकाचा हे त्यांनाच वाचता यायचं, त्यामुळं त्यांनाही रोज तिथं बसावं लागे. पहिले आठ दिवस ते नुसतं बोटानं दाखवत. मग शब्द म्हणून दाखवायला लागले. मग बायका विचारायला लागल्या की म्हंजी काय, आणि साहेबांना जन्मात पहिल्यांदा असं कुणी भेटलं होतं ज्याला खरंच ऐकायचं होतं. पावसाळ्यात काम बंद. झरा कुठंही मिळतो तेव्हा. पुढच्या फाल्गुनात पुन्हा सुरू.

रविवारच्या खेळात साहेब आता एक्सला बाद होईनात. आणि आमच्या घरात कारभारीण बैलाला ऑक्स म्हणायला लागली. पौडला तहसीलदार कचेरीत सारा भरायला गेलो तेव्हा तिनं टॅक्स असा शब्द काढला आणि कारकुनानं मान वर करून आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी भिंतीवरचा नकाशा बघत होतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात डब्याचा तळ दिसायला लागला. साहेब म्हातारे झाले होते. एक दिवस कारभारीण परत आली आणि म्हणाली की आज शेवटचे लावले. मला आधी तार आठवली. म्हटलं, आता पुन्हा वळसा. तिनं हंडे घासून पालथे घातले. दुसऱ्या दिवशी हंडे घेऊन नेहमीच्या वाटेनं वर गेली. मी मागोमाग गेलो, भांडण झालं तर असावं म्हणून.

साहेब ओसरीत कोश घेऊन बसले होते. सगळा फुगून दुप्पट झाला होता, मिटत नव्हता. त्यांनी विचारलं, "झालं ना सगळं?"

"न्हाई. एक हाय अजून," ती म्हणाली. "घरात कुटंतरी पडलाय. घावला की आणते."

साहेबांनी पानं चाळली. एका ठिकाणी थांबले. त्या पानावर एकच भोक उरलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि पुस्तक मिटवायचा प्रयत्न केला. "घाई नाही," म्हणाले. "पाणी भरून घे."

घरी आल्यावर मी तिला धारेवर धरलं. मी म्हणालो, पैज मी जिंकलो आहे. चोरीचा एक शब्द लपवून वाट वापरायची वेळ माझ्यावर आलेली नाही. शब्द काढ, मी स्वतः नेऊन देतो आणि वाट उजळ माथ्यानं मागतो. ती भाकरी थापत होती.

"चारदा मागितली की उजळ माथ्यानं," ती म्हणाली. "घावली का?"

मी विचारलं, "कुटला शब्द हाय त्यो? कुटं ठिवलाय?"

"सांगितला तर तुमी द्याल नेऊन."

दिला असताच. साहेब वारले तोवर सात-आठ उन्हाळे बायका त्या वाटेनं पाणी आणत होत्या, आणि दर फाल्गुनात साहेब तिला एकदा विचारायचे, घावला का. ती नाही म्हणायची. मग दोघं मिळून थोडा वेळ पानं चाळत बसायची.